ठराव पास झाला, बरं मग? शहर द्वेषाविरुद्ध उभं राहतं म्हणजे नक्की काय करतं

बातमी साधारण ठरलेली असते. अमुक शहराच्या सिटी कौन्सिलने द्वेष आणि भेदभावाविरुद्धचा ठराव एकमताने मंजूर केला, मेयरने सही केली, दोन-चार धर्मगुरू शेजारी उभे राहिले, फोटो निघाला. आणि ते वाचून बहुतेकांच्या डोक्यात एकच येतं, बरं मग? उद्यापासून द्वेष बंद का?

प्रश्न रास्त आहे. मलाही बरीच वर्षं हे सगळं फोटोपुरतंच वाटायचं. पण जरा खोलात गेलं की कळतं की त्या एका बातमीत तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते. शहराला काय बोलता येतं, काय करता येतं, काय करायला कायद्यानेच मनाई आहे, आणि या सगळ्याच्या बाहेर लोक स्वतःहून काय करतात. या एकेक सुट्या करून बघू. उदाहरणं बहुतेक अमेरिकेतली घेतोय, कारण तिथे हा प्रकार खूप चालतो आणि कोर्टात जाऊन त्याची चिरफाडही झालेली आहे.

आधी कागद. शहर भूमिका घेतं ती कागदावरच घेतं, आणि हे कागद तीन प्रकारचे.

सगळ्यात हलका म्हणजे प्रोक्लमेशन, मेयरचं घोषणापत्र. हा आठवडा सलोख्याचा, तो महिना अमुक समाजाच्या सन्मानाचा, असं. मेयर एकटा काढू शकतो, मतदान नाही, काही नाही. त्याच्या वरचा रेझोल्यूशन, म्हणजे ठराव. हा कौन्सिलच्या मीटिंगमध्ये मांडतात, नागरिकांना माईकवर दोन-तीन मिनिटं बोलू देतात, मग मतदान. भाषा आपल्याला चांगलीच ओळखीची, ज्याअर्थी अमुक घडलं आहे, ज्याअर्थी आमच्या शहरात तमुक समाज राहतो, ज्याअर्थी, ज्याअर्थी, आणि शेवटी त्याअर्थी हे कौन्सिल असं ठरवतं की. यातून कोणाला दंड होत नाही, कोणाला अटक होत नाही. कौन्सिलचं मत काय आहे ते नोंदीवर येतं, एवढंच. दात नसलेला कागद.

तिसरा म्हणजे ऑर्डिनन्स. इथे मराठी वाचकाचा हमखास घोळ होतो, कारण आपण ऑर्डिनन्सला अध्यादेश म्हणतो आणि अध्यादेश म्हटलं की अधिवेशन नसताना सरकारने घाईत काढलेला हुकूम डोळ्यासमोर येतो. अमेरिकेत शहराच्या पातळीवर ऑर्डिनन्स म्हणजे सरळ शहराचा कायदा. मोडला तर दंड, तक्रार, चौकशी, सगळं. दात असलेला कागद हा.

बातमीत मात्र तिन्हींना एकच शब्द, शहराने ठाम भूमिका घेतली. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा विचारायचा की बाबा, यातला कागद कुठला?

आता दुसरा स्वाभाविक प्रश्न, जर एवढा राग आहे तर शहर सरळ बंदीच का घालत नाही, द्वेषाची भाषा वापरली की दंड, नाझींच्या स्वस्तिकाचा झेंडा काढला की दंड, संपला विषय. तर हे करून बघितलंय, आणि तोंडावर आपटलेत.

स्कोकीची गोष्ट सांगतो. शिकागोच्या शेजारचं सत्तरेक हजार वस्तीचं गाव, त्यात निम्म्याहून जास्त ज्यू, आणि त्यातले हजारो लोक असे की जे स्वतः नाझी छळछावण्यांमधून जिवंत बाहेर आलेले किंवा ज्यांच्या घरातलं कोणीतरी तिथे गेलेलं. १९७७ मध्ये फ्रँक कॉलिन नावाच्या माणसाने, त्याचा एक मूठभर लोकांचा अमेरिकन नाझी पक्ष होता, ठरवलं की आपण गणवेश घालून, स्वस्तिक लावून नेमकं याच गावात निदर्शन करायचं. गावाने काय केलं, जे कोणीही केलं असतं तेच. कोर्टातून मनाई आणली, आणि तीन ऑर्डिनन्स पास केले, त्यात साडेतीन लाख डॉलरचा विमा आधी दाखवा मग परवानगी, वांशिक द्वेष पसरवणारं साहित्य वाटायचं नाही, राजकीय पक्षाच्या लोकांनी लष्करी थाटाचे गणवेश घालून मोर्चा काढायचा नाही.

नाझींच्या बाजूने कोर्टात उभी राहिली एसीएलयू, नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी संघटना, ज्यात ज्यू वकीलही होते. संघटनेचे हजारो सभासद रागाने सोडून गेले तरी ते मागे हटले नाहीत. प्रकरण पार सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलं आणि १९७८ मध्ये फेडरल अपील कोर्टाने गावाचे ते ऑर्डिनन्स घटनाबाह्य ठरवले. कारण अमेरिकेच्या घटनेतली पहिली दुरुस्ती. ती सांगते की सरकार, आणि शहर हे सरकारच असतं, बोलणाऱ्याचं मत आवडत नाही म्हणून त्याचं तोंड बंद करू शकत नाही. मत घाणेरडं असलं तरी नाही, तेच ऐकून समोरच्या माणसाला रात्र रात्र झोप लागणार नसली तरीही नाही. थेट धमकी, किंवा आत्ता इथल्या इथे हिंसा भडकवणं, असे थोडेच अपवाद.

हे वाचून डोकं फिरतं, मान्य. माझंही फिरलं होतं. पण यातली मेख लक्षात घ्या, जो नियम शहराला नाझींचं तोंड बंद करू देत नाही तोच नियम एखाद्या दक्षिणेतल्या शहराला काळ्या लोकांच्या हक्काचा मोर्चा बंद करू देत नाही, आणि तो मोर्चाही तिथल्या बहुसंख्य लोकांना तितकाच नकोसा होता. हत्यार एकदा केलं की ते कोणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही, हा तिथला विचार. पटो न पटो, शहराला याच कुंपणाच्या आत खेळावं लागतं.

गंमत अशी की एवढं सगळं जिंकूनही कॉलिन स्कोकीत आलाच नाही. शिकागोमध्ये परवानगी मिळाली म्हणून १९७८ च्या उन्हाळ्यात त्याने तिथेच काय ते उरकून घेतलं. आणि स्कोकीत छळछावण्यांतून जे वाचलेले लोक इतकी वर्षं कोणाशी त्याबद्दल बोलत नव्हते ते बोलायला लागले, संस्था काढली, शाळांमध्ये जायला लागले, आणि २००९ मध्ये त्याच गावात मोठं होलोकॉस्ट म्युझियम उभं राहिलं.

सेंट पॉल शहराचंही असंच. १९९० मध्ये तिथे एका काळ्या कुटुंबाच्या अंगणात काही पोरांनी लाकडी क्रॉस जाळला. जळता क्रॉस म्हणजे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवादी संघटनेची जुनी धमकी, त्याचा अर्थ न सांगता कळतो. शहराकडे एक ऑर्डिनन्स होता, वंश, धर्म, लिंग अशा कारणांवरून संताप किंवा भीती निर्माण करणारं चिन्ह लावणं हा गुन्हा. त्याखाली खटला भरला. १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ऑर्डिनन्स एकमताने उडवला. म्हणजे क्रॉस जाळणं ठीक आहे असं नाही हं, निकालातच म्हटलंय की कोणाच्या अंगणात क्रॉस जाळणं निंद्यच आहे. पण जाळपोळ, धमकी, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान हे सगळे कायदे हाताशी होते, ते लावा, ठरावीक मतं निवडून त्यांना शिक्षा देऊ नका.

आणि लगेच पुढच्या वर्षी, १९९३ मध्ये, त्याच कोर्टाने विस्कॉन्सिनच्या एका केसमध्ये, तेही एकमतानेच, सांगितलं की मारहाण झालीच असेल आणि माणूस त्याच्या वंशामुळे निवडून मारला असेल तर शिक्षा वाढवायला हरकत नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की रेष दिसते. विचाराला शिक्षा नाही, कृतीला आहे, आणि कृतीमागे द्वेष असेल तर जास्त आहे. हेट क्राइम या शब्दाचा अर्थ एवढाच, आधी गुन्हा हवा. नुसतं हेट पुरत नाही.

मग शहराच्या हातात उरतं काय? बरंच उरतं.

एक म्हणजे स्वतःचं तोंड. दुसऱ्याला गप्प करता येत नाही पण शहर स्वतः बोलू शकतं, आणि बोलताना बाजू घेऊ शकतं. ठराव, घोषणापत्र, चौकातला पुतळा, सिटी हॉलवरचा झेंडा, हे सगळं शहराचं बोलणं धरतात. फक्त ते खरंच शहराचंच बोलणं असायला हवं. बॉस्टनमध्ये सिटी हॉलसमोरचा एक झेंड्याचा खांब लोकांना वापरायला द्यायचे, बारा वर्षांत कोणालाही नाही म्हटलं नव्हतं, मग एका ख्रिश्चन गटाला नाही म्हटलं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ९ विरुद्ध ० सांगितलं की तुम्ही खांब सगळ्यांना खुला ठेवला होता, आता ते शहराचं बोलणं राहिलं नाही, आता निवड करता येणार नाही. त्यानंतर अमेरिकेतल्या कितीतरी शहरांनी घाईघाईने आपापली झेंड्याची नियमावली लिहून काढली. ज्यांना वाटतं की कोणता झेंडा लावायचा हा किरकोळ वाद आहे त्यांनी हा निकाल जरूर बघावा.

दुसरं म्हणजे वागणुकीवरचे कायदे. नोकरी, घर भाड्याने देणं, दुकान-हॉटेलातली सेवा यात भेदभाव केला तर शहर कारवाई करू शकतं. आपल्या ओळखीचं उदाहरण सिअ‍ॅटलचं. २१ फेब्रुवारी २०२३ ला तिथल्या कौन्सिलने ६ विरुद्ध १ मतांनी जात हा शब्द शहराच्या भेदभावविरोधी कायद्यात घातला. जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घालणारं अमेरिकेतलं हे पहिलं शहर. ऑर्डिनन्स मांडणाऱ्या कौन्सिल सदस्य क्षमा सावंत, जन्म पुण्याचा, वाढल्या मुंबईत. आंबेडकरी संघटना पाठिंब्याला होत्या, काही हिंदू संघटनांनी कडाडून विरोध केला की यातून एका समाजाकडे बोट दाखवलं जातंय.

त्या वादावर इथे पानंच्या पानं लिहिता येतील, पण आपल्या विषयापुरतं एवढंच बघा की हा ठराव नव्हता, ऑर्डिनन्स होता. म्हणजे कोणी जातीबद्दल घाण बोललं म्हणून सिअ‍ॅटल त्याला पकडत नाही, पण जातीवरून प्रमोशन अडवलं, घर नाकारलं, तर शहराच्या नागरी हक्क कार्यालयात तक्रार नोंदवता येते आणि चौकशी होते. तक्रारीचा रकाना तयार झाला. मला यातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण रकानाच नसेल तर सोसणारा माणूस सांगणार कोणाला आणि काय नावाने? नंतर त्याच वर्षी फ्रेस्नो शहराने असाच कायदा केला, आणि कॅलिफोर्निया राज्याच्या पातळीवरचं विधेयक मात्र दोन्ही सभागृहांत पास होऊनही गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये परत पाठवलं, सध्याच्या कायद्यात हे बसतंच असं कारण देऊन.

तिसरी गोष्ट हातात असते ती मोजदाद, आणि ही इतकी कंटाळवाणी आहे की तिच्यावर कोणी भाषण करत नाही. अमेरिकेत १९९० पासून हेट क्राइमचे आकडे गोळा करायचा कायदा आहे, एफबीआय दरवर्षी काढते, २०२३ च्या अहवालात ११,८६२ घटना आहेत. पण स्थानिक पोलिसांनी आकडे देणं हे ऐच्छिक आहे, आणि जे देतात त्यातले बहुसंख्य शून्य लिहून मोकळे होतात. काही ठिकाणी शून्य खरंच असेल. पण काही ठिकाणी ते असं असतं की भिंतीवर कोणीतरी घाण लिहिलं, पोलीस आले, नोंद केली मालमत्तेचं नुकसान, आणि गेले. शहराने पोलिसांना ट्रेनिंग दिलं, फॉर्ममध्ये रकाना टाकला, एक माणूस नेमला, तर आकडा वाढतो. आणि मग पेपरवाले लिहितात, शहरात द्वेष वाढला. प्रामाणिकपणे मोजणारं शहर बदनाम आणि डोळे मिटून बसलेलं शहर स्वच्छ, अशी उलटी गंगा.

आणि शहराच्या डोक्यावर राज्य बसलेलं असतं हे विसरून चालणार नाही. व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिल शहराने फेब्रुवारी २०१७ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी ठरवलं की जनरल ली यांचा पुतळा काढायचा, ली म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या बाजूचे सेनापती. राज्याच्या कायद्याने युद्धस्मारकं हलवायला शहरांना मनाई होती, कोर्टाने थांबवलं. ऑगस्टमध्ये तिथे गोऱ्या वंशवाद्यांचा मोर्चा ठरला. शहराने जागा बदलून मोठ्या पार्कात न्यायचा प्रयत्न केला, फेडरल कोर्टाने तोही अडवला. १२ ऑगस्टला जे झालं ते जगाने बघितलं, एका वंशवाद्याने विरोधकांच्या गर्दीत गाडी घातली आणि ३२ वर्षांची एक तरुणी गेली. राज्याचा कायदा बदलायला २०२० उजाडलं, पुतळा खाली उतरला जुलै २०२१ मध्ये. पिट्सबर्गमध्ये २०१८ ला सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, ११ जणांना गोळ्या घातल्यावर शहराने बंदुकांवर निर्बंध आणले, तेही पेनसिल्व्हेनियाच्या कोर्टांनी रद्द केले, बंदुकांचा विषय राज्याचा म्हणून.

पण शार्लट्सव्हिलने नंतर एक फार हुशारीचं काम केलं. मोर्चात काही गट लष्करासारखे, बंदुका घेऊन, रांगा करून आले होते. शहराने त्यांच्या विचारांना हातच लावला नाही. व्हर्जिनियाच्या घटनेत जुनं कलम आहे की सशस्त्र दल हे नागरी सत्तेच्या ताब्यातच असायला हवं, आणि खाजगी सैन्यासारख्या कारवायांविरुद्ध कायदाही आहे. त्याच्या आधारावर ऑक्टोबर २०१७ मध्ये केस टाकली आणि पुढच्या वर्षीपर्यंत त्या गटांकडून कोर्टासमोर लिहून घेतलं की इथे परत असं शस्त्रं घेऊन तुकडी करून येणार नाही. बोला काय बोलायचंय ते, पण सैन्य बनून यायचं नाही. स्कोकीला जे जमलं नाही ते इथे जमलं कारण बोट विचारावर नव्हतं, वागण्यावर होतं.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग तो दात नसलेला ठराव हवाच कशाला? आता मी ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती.

बिलिंग्ज, मोंटाना राज्यातलं सगळ्यात मोठं शहर, सगळ्यात मोठं म्हणजे तेव्हा ऐंशी हजारांच्या आसपास वस्ती. गोरं, ख्रिश्चन, शांत. १९९० च्या सुमारास तिथे हळूहळू पत्रकं दिसायला लागली, ज्यू दफनभूमीतले दगड पाडले गेले, काळ्या लोकांच्या छोट्याशा चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना मुंडण केलेले स्किनहेड्स, म्हणजे गोऱ्या वंशवादी टोळ्यांमधली पोरं, येऊन नुसते मागे उभे राहायला लागले, एका मूळनिवासी बाईच्या घरावर स्वस्तिक आणि मरा अशा अर्थाचं काहीतरी स्प्रेने रंगवलं.

पोलीस प्रमुख होते वेन इनमन. हे पोर्टलंडहून आलेले, आणि पोर्टलंडमध्ये १९८८ ला स्किनहेड्सनी एका इथिओपियन विद्यार्थ्याला बेसबॉलच्या बॅटने मारून टाकलं होतं. त्यामुळे त्यांना ही पायरी पायरी माहीत होती. आधी पत्रक, मग भिंत, मग खिडकी, मग माणूस. त्यांचं सांगणं असं की हे लोक प्रत्येक पायरीवर थांबून बघतात की कोणी काही बोलतंय का, नाही बोललं की पुढची पायरी. म्हणजे गप्प बसणं हे त्यांना हिरवा सिग्नल वाटतो. शांत बसलं की आपोआप जाईल हे म्हणणाऱ्या सज्जन लोकांना ते हेच सांगत फिरायचे.

लोकांनी काय केलं बघा. काळ्यांच्या त्या चर्चमध्ये पुढच्या रविवारपासून इतर चर्चची गोरी माणसं येऊन बसायला लागली. रंगाऱ्यांच्या युनियनने, तीसेक जण, रंगाचे डबे घेऊन जाऊन त्या बाईचं घर रंगवून दिलं, फुकट. यासाठी कुठला ठराव लागला नाही.

मग २ डिसेंबर १९९३. हनुका म्हणून ज्यूंचा आठ रात्रींचा सण असतो, त्यात नऊ दिव्यांची एक समई म्हणा, तिला मेनोरा म्हणतात, ती खिडकीत ठेवायची पद्धत. एका ज्यू घरातल्या पाच वर्षांच्या मुलाच्या बेडरूमच्या खिडकीत मेनोराचं चित्र चिकटवलेलं होतं. रात्री ती खिडकी फोडून काँक्रीटच्या ब्लॉकचा तुकडा आत आला. नशिबाने पोरगा त्या क्षणी खोलीत नव्हता. पोलीस आले आणि त्यातल्या एकाने, भल्या हेतूनेच, सल्ला दिला की ती चित्रं काढून टाका. आई विचारात पडली की आता मुलाला सांगू काय, आपण कोण आहोत ते लपवायचं असतं? तिने हे पेपरवाल्यांना जसंच्या तसं सांगितलं.

ते वाचून चर्चच्या कामात असलेल्या एका बाईंना डेन्मार्कच्या राजाची गोष्ट आठवली, नाझींनी ज्यूंना पिवळा तारा लावायला सांगितला तेव्हा राजाने स्वतःच तारा लावला ती. त्यांनी पाद्रींना फोन केला, मुलांकडून कागदी मेनोरा करून घेतले, चर्चच्या लोकांनी घरी नेऊन खिडकीत लावले. एका चर्चचे दुसऱ्याने बघितले. आणि ११ डिसेंबरला बिलिंग्ज गॅझेट या तिथल्या पेपरने पानभर मेनोराचं चित्र छापलं, कापा आणि खिडकीत लावा. पुढच्या काही दिवसांत हजारो घरांच्या खिडक्यांमध्ये मेनोरा, आकडा दहा हजारांपर्यंत सांगतात, आणि शहरातली ज्यू घरं पन्नासच्या आसपास. आणि राजाची ती गोष्ट मुळात खरी नाही, डेन्मार्कमध्ये तो तारा कधी सक्तीचा झालाच नव्हता, ऐकीव दंतकथा आहे. खोट्या गोष्टीवरून खरी गोष्ट झाली.

हे लगेच गोड-गोड झालं नाही. एका कॅथलिक शाळेच्या बोर्डवर ज्यू मित्रांना हनुकाच्या शुभेच्छा लिहिल्या होत्या, तिच्या काचेवर गोळ्या झाडल्या. मेनोरा लावलेल्या चर्चच्या काचा फुटल्या, गाड्यांच्या फोडल्या. लोक इनमनना फोन करून विचारायचे, लावणं सुरक्षित आहे का, ते म्हणायचे न लावण्यात जास्त धोका आहे. आणि मग ते थांबलं. हिशोब साधा आहे, पन्नास खिडक्या निवडून फोडता येतात, हजारो नाही फोडता येत. शिवाय आता कोण ज्यू आणि कोण नाही हे बाहेरून कळेना.

हे सगळं कौन्सिलच्या मतदानाने झालं नाही हे खरं. पण पोलीस प्रमुखाने उघडपणे बाजू घेणं, पेपरने पान देणं, चर्च, युनियन, हे सगळे शहराचे जाहीर आवाज आहेत, आणि ठराव जेव्हा कामाचा असतो तेव्हा तो याच कामाचा असतो. ज्याच्या घरावर दगड पडला त्याला तो सांगतो की तू एकटा नाहीस, जो कुंपणावर बसलाय त्याला सांगतो की इथलं वारं कुठल्या बाजूने आहे, आणि दगड मारणाऱ्याला सांगतो की ज्यांच्या वतीने तू मारतोयस असं तुला वाटतं ते तुझ्यामागे नाहीत. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण अशा माणसांना नेहमी वाटत असतं की आपण गप्प बसलेल्या बहुमताच्या मनातलं बोलतोय.

थट्टा हेही एक हत्यार आहे, आणि ते वापरायला कुठल्याच कोर्टाची परवानगी लागत नाही. जर्मनीत वुन्झीडेल म्हणून बव्हेरियातलं छोटं गाव आहे. हिटलरचा उजवा हात रुडॉल्फ हेस याला तिथे पुरलं होतं, त्यामुळे दरवर्षी नवनाझी तिथे मोर्चा घेऊन यायचे. जर्मनीत कायदा अमेरिकेच्या उलटा, नाझी राजवटीचा जाहीर गौरव करणं हा २००५ पासून गुन्हाच आहे आणि २००९ मध्ये घटना न्यायालयाने वुन्झीडेलच्याच प्रकरणात तो कायदा कायम ठेवला. २०११ मध्ये कबरही हलवली. तरी मोर्चे वेगळ्या नावाने चालूच. म्हणजे बंदी घालता येते तिथेही बंदीने सगळं मिटत नाही, हेही नोंदवून ठेवायला हवं.

मग नोव्हेंबर २०१४ मध्ये गावाने युक्ती केली. गावातल्या लोकांनी आणि व्यापाऱ्यांनी जाहीर केलं की मोर्चेकरी जितके मीटर चालतील तितके, मीटरला दहा युरो, आम्ही देणगी देणार, नवनाझी टोळ्यांमधून बाहेर पडू बघणाऱ्यांना मदत करणाऱ्या संस्थेला. रस्त्यावर सुरुवातीची रेघ, मध्ये मध्ये आतापर्यंत इतके जमवलेत असे आकडे, वाटेत दमलेल्यांसाठी केळी मांडलेलं टेबल, शेवटी अंतिम रेषा आणि आभाराचे फलक. काळे कपडे घालून गंभीर चेहऱ्याने निघालेले ते सगळे आपल्याच विरोधात दहा हजार युरो जमवून बसले, थांबावं तर लाज आणि चालावं तर देणगी. अमेरिकेत आयडाहोमधल्या कुर डॅलेन गावाने १९९८ मध्ये आर्यन नेशन्स या गोऱ्या वंशवादी गटाच्या मोर्च्यावर जवळपास हेच केलं होतं, तिथे हिशोब मिनिटाला होता.

आता तुमच्यासमोर उद्या असा एखादा ठराव आला तर मी काय बघतो ते सांगतो. नाव घेतलंय का? आम्ही सर्व प्रकारच्या द्वेषाचा निषेध करतो हे वाक्य कोणालाच लागत नाही, म्हणून सगळे हात वर करतात. काल ज्याच्या दारावर लिहिलं गेलं तो समाज कोण हे ठरावात नसेल तर त्या समाजाला ते पहिल्या ओळीतच कळतं. मग तारीख, पहिल्या पत्रकानंतर आलाय की प्रेत पडल्यावर. आणि त्याअर्थीच्या खाली क्रियापदं कोणती आहेत, निषेध करतो, पाठीशी उभं राहतो, एवढीच असतील तर ठीक, पण नेमतो, नोंदवतो, इतक्या महिन्यांत अहवाल मागवतो, इतके पैसे देतो, अशी एखाद-दोन असतील तर कोणीतरी बसून काम केलंय. उगाच ज्याअर्थी वीस आणि त्याअर्थी एक असा ठराव दिसला की मी पुढे वाचत नाही.

आणि हे सगळं ज्या खोलीत चालतं ती खोलीही सुटत नाही. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच शहरांच्या मीटिंगमध्ये लांबून फोनवर किंवा व्हिडिओवर बोलायची सोय होती ना, तिथे रस्त्याच्या विषयावर, बजेटच्या विषयावर कोणीतरी शिरायचं आणि आपल्या वाट्याची दोन मिनिटं ज्यूंना शिव्या द्यायला वापरायचं. क्लार्क नाव पुकारतोय, आवाज येतोय, कौन्सिल सदस्य मान खाली घालून बसलेत, कारण तोंड बंद केलं तर पहिली दुरुस्ती, नाही केलं तर समोर बसलेली माणसं. कित्येक शहरांनी शेवटी लांबून बोलायची सोयच बंद करून टाकली, सगळ्यांसाठी. त्यात ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा म्हाताऱ्या, अपंग लोकांचाही आवाज गेला. द्वेष असाही महाग पडतो.

बिलिंग्जचं पुढचं राहिलं. त्या खिडक्यांमुळे शहर जगभर गाजलं, तिथलं उदाहरण घेऊन अमेरिकेत कितीतरी गावांनी आपल्या गावात हे चालणार नाही असे गट काढले. एकवीस वर्षांनी, ऑगस्ट २०१४ मध्ये, त्याच शहराच्या कौन्सिलपुढे एक ऑर्डिनन्स आला. समलिंगी आणि ट्रान्स लोकांना नोकरी, घर, दुकानातली सेवा यात भेदभावापासून संरक्षण द्यायचं. मोंटानातल्या मिझुला, हेलेना, ब्यूट, बोझमन या शहरांनी तोवर केलेलं होतं. बिलिंग्जमध्ये महिनोन्‌महिने चर्चा, दोन्ही बाजूंनी माईकसमोर लांब रांगा, कोणी १९९३ ची आठवण काढली, कोणी बायबल काढलं. मतदान झालं तेव्हा दोन्हीकडे पाच-पाच. शेवटचं मत मेयरचं होतं, आणि ते विरोधात पडलं.